नवा कोयता

पातं लाल होऊन पिवळ्यावर आलं, तसं आबांनी ते चिमट्यात धरून ऐरणीवर ठेवलं.

त्यांची लेक भात्याशी बसली होती. उजव्या हाताने मांडीवरच्या बिट्टीला सावरून डाव्याने दोरी ओढत होती. बिट्टीचा प्लास्टरमधला इवलासा हात तिच्या पोटाशी टेकला होता. हातोड्याचे घाव पडत होते, पण पोर दचकत नव्हती. हातोड्याचं तिला काही वाटायचं नाही.

"काय काका, झाला का आमचा कोयता?" दारातून मुकादम गरजला. तशी मात्र बिट्टीने आईच्या कुशीत तोंड खुपसलं.

मुकादम शोधपथकाचा. आबांचा जावई रानात गेला त्याला आठवडा उलटला होता. तेव्हापासून पथक रान पालथं घालत होतं.

"बसा. पात्याला पाणी पाजायचं राहिलंय," आबा म्हणाले.

"बाजारातला नेला होता हो. दुसऱ्याच दिवशी मूठ माझ्या हातात आणि पातं झाडात! पोरं म्हणतात, मुकादम, आता मुठीनेच झाडी तोडा." तो हसला. मग तिच्याकडे लक्ष गेलं आणि ओशाळला. "माफ करा, ताई."

"असू दे."

खरंच तिला काही वाटलं नव्हतं. आठवडाभर तिला काही लागतच नव्हतं. भूक नाही, झोप नाही, कुणाचं बोलणं नाही. शेजारणी म्हणायच्या, एकदा पोटभर रडून घे, मोकळी होशील. ती मान डोलवायची आणि बिट्टीला भात भरवायची.

"पोरीच्या हाताला काय झालं?"

"पडली," ती म्हणाली.

"पलंगावरून," आबा म्हणाले.

पातं पाण्यात गेलं. चर्र झालं, वाफेने खोली भरली. खुंटीवरचे नवऱ्याचे कातडी हातमोजे क्षणभर दिसेनासे झाले आणि पुन्हा दिसले. उजव्याचा तळवा झिजून भोक पडलेला, डावा नव्यासारखा. भट्टीजवळ कोळशाची पाटी शिगोशीग भरलेली होती. परसातल्या ढिगातून कोळसा आणायचं काम एरवी तिचं. आज ती उठायच्या आत आबांनीच आणून ठेवला होता.

आबांनी पात्याला नवी मूठ ठोकली आणि धार लावायला ते सहाणेवर धरलं. ठिणग्या उडाल्या.

"काल उजवा हात की डावा ते कशाला विचारलंत?" मुकादम म्हणाला.

"धार एकाच अंगाला असते. उजव्या हाताची एका बाजूला, डाव्याची दुसऱ्या. हात चुकला की कोयता सरकतो."

मुकादमाने मांडीवर थाप मारली. "म्हणजे पोरांचं बरोबर होतं! काल एक वाट सापडली, काका. ताजी तोडलेली, थेट कड्यापर्यंत. पण एकूण एक घाव उलट्या बाजूने उतरता. पोरं म्हणाली, हे डावखुऱ्याचं काम. तुमचा जावई डावखुरा का?"

भात्याची दोरी तिच्या हातात थांबली.

"हो," आबा म्हणाले. त्यांनी पात्यावरची नजर काढली नाही. "जन्माचा डावखुरा."

"मग तोच. उद्या कड्याखाली उतरतो."

"उतरा. पण पाय जपून टाका. कडा निसरडा आहे. त्याचाही तिथेच सटकला असणार."

मुकादमाने कोयता हवेत फिरवून पाहिला. "वा! असलं लोखंड आता बघायला मिळत नाही."

"जुनंच आहे. घरात पडून होतं."

कोयता खांद्यावर टाकून मुकादम गेला. त्याच्या बुटांचा आवाज ऐकू येईनासा झाल्यावर आबा उठले, खुंटीवरचे हातमोजे काढले आणि भट्टीत टाकले. कातडं जळल्याचा वास सुटला.

तिने बिट्टीला खाली ठेवलं आणि ती परसात गेली. डाव्या हाताने कोळसा उपसत राहिली. तळाशी चिंधी होती, तिनेच गुंडाळलेली. चिंधीत काही नव्हतं.

काळ्या हातांनी ती दारात येऊन उभी राहिली.

"आबा, मी लहान असताना तुम्ही मला घडवून दिलेला डाव्या हाताचा कोयता..."

आबा बिट्टीला कडेवर घेत होते, तिचं प्लास्टर सांभाळून. त्यांनी हनुवटीने रस्त्याकडे खूण केली.

"गेला ना आत्ता. मुकादमाच्या खांद्यावर."