भिंतीपुढची जागा

"ब्रेकचं रबर जुनंच बसव. साबणाने धुतलं की नव्यासारखं होतं," ट्रोट्रो या प्रवासी व्हॅनचा मालक फ्रिम्पाँग म्हणाला.

पुढच्या चाकाच्या ब्रेकचा कॅलिपर खोलून पिस्टन घासत बसलेल्या पोकुआने एवढंच विचारलं, "शब्द तुमचा ना, मालक?"

"माझाच. गॅरेज तुझं असेल, गाडी माझी आहे."

तो फुफू खाऊन परतला तेव्हा चाक चढलेलं होतं आणि पोकुआ स्टिअरिंगवर बसली होती. तिच्या गॅरेजचा रिवाज अख्ख्या कुमासीतल्या ड्रायव्हरांना पाठ होता: ब्रेक ज्याच्या शब्दावर जुळला, त्याने पहिल्या चाचणीला भिंतीला पाठ लावून गाडीसमोर उभं राहायचं. एरवी ती स्वतःच उभी राही.

"चला मालक, आज मान तुमचा."

फ्रिम्पाँगने भिंतीकडे पाहिलं, मग चाकाकडे. "अगं, मला लेकरंबाळं आहेत."

"गाडीत बसणाऱ्यांना नाहीत होय?"

त्याने मानेवरचा घाम पुसला. "खोल ते चाक. नवं रबर घाल."

पोकुआ खाली उतरली, खिशातून जुनं रबर काढून तिने त्याच्या तळहातावर ठेवलं.

"नवंच घातलंय. स्टिअरिंगवर तुम्ही बसा, भिंतीपाशी मी उभी राहते."