नावाड्याचा फासा

फासा टेबलावरून घरंगळत शब्दकोशाला आपटला आणि थांबला. सूत्रधाराने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाकून पाहिलं. काळं लाकूड, त्यात कोरलेल्या आकड्यात रंगसुद्धा भरलेला नाही. मान तिरकी करून खिडकीचा उजेड घ्यावा लागला. तीन.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं, तरी त्याने फासा झटकन मुठीत घेतला, खणात टाकला आणि खण लावून घेतला.

पडद्यावर कारागिराचा प्रश्न उमटला. "किती पडले?"

आता यात एवढं काय, असं कोणालाही वाटेल. तिघं जुने वर्गमित्र, तीन गावांना पांगलेले. दर रविवारी सकाळी आपापल्या कॉम्प्युटरसमोर बसायचं आणि लिहून लिहून एक गोष्ट खेळायची. सूत्रधार प्रसंग सांगणार, बाकीचे दोघं आपापलं पात्र चालवणार, आणि नशिबाची वेळ आली की सूत्रधार आपल्या घरी वीस बाजूंचा फासा टाकून आकडा कळवणार. तो पडलेला आकडा इतरांना दिसत नसे. अकरा वर्षं त्याने लिहिला तो सगळ्यांनी निमूट मानला. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात हयात गेलेला माणूस, त्याच्या हातून चुकीचा आकडा सुटेलच कसा? तिघांपैकी शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईंची खेळातली लाडकी राणी त्याने एका वाईट आकड्यापायी दरीत ढकलली होती. बाई महिनाभर फुगून बसल्या, पण गडी बधला नाही.

आज मात्र पणाला लागलं होतं ते खेळातलं नव्हतं.

कारागिराच्या मानेत गाठ होती. तशीच ठेवली तर फार तर दोन वर्षं, असं डॉक्टर म्हणाले होते. काढली तर जीव वाचेल, पण उजवा हात कायमचा लुळा पडण्याची भीती. आणि हा बाबा त्या हाताने लाकडात चिमणीचं पीस कोरायचा, तेही असं की फुंकर मारून बघावीशी वाटे. त्याच्याकडेच राहणारी थोरली ताई ऑपरेशनच्या कागदावर सही कर म्हणून हात धुऊन मागे लागली होती.

"तिच्यासमोर माझ्या तोंडून 'नाही' निघत नाही," त्याने लिहिलं होतं. "म्हणून खेळातल्या नावाड्यावर सोपवतो. माझा नावाडी पुरातून पार झाला, तर सही करतो. बुडाला, तर विषय संपला. ताईनेही कंटाळून हो म्हटलंय." फासाही त्यानेच कोरून पाठवला होता. सोबत चिठ्ठी, 'खेळाच्या वेळीच उघड. एकदाच टाक.' पार व्हायला अकरा किंवा त्याहून जास्त हवे होते.

"अरे, पाणी चढतंय," बाईंनी लिहिलं. "बोल की."

सूत्रधाराने लिहिलं, "अठरा."

बाईंनी तत्काळ टाळ्यांची रांग पाठवली. मग कारागिराकडून आलं, "नक्की अठरा?"

"नक्की."

कारागिराने लिहिलं, "बरं. मग करतो सही."

त्या आठवड्यात छापखान्यात एका वेळापत्रकात सूत्रधाराच्या नजरेतून चार चुका सुटल्या. मालकाने कागद तसाच परत त्याच्यापुढे सरकवला. "तुमच्या खेळातले राक्षस आजारी पडले की काय?" बायकोने चेष्टेने विचारलं. मित्राच्या हाताचा सौदा आपण परस्पर केला, हे तिला सांगायचं कोणत्या तोंडाने?

पंधरवड्याने ताईचा फोन आला. "गाठ निघाली रे. जीव वाचला."

"आणि हात?"

"हात गेला." ती म्हणाली, "पण तुझ्या त्या फाशाने माझा भाऊ मला परत दिला. कसे उपकार फेडू तुझे?"

फोन ठेवून तो बाथरूममध्ये गेला, नळ सोडून तिथेच बसून रडला.

तीन महिन्यांनी एका रविवारी, बाई यायच्या आधीच, पडद्यावर कारागिराचं नाव दिसलं. एकेक अक्षर मुंगीच्या पावलांनी उमटत होतं. डाव्या हाताने लिहीत असणार.

"नावाडी काठाला लागला. वल्हं पुरात गेलं. पुढे सांग."

खेळ गेला खड्ड्यात, असं म्हणून सूत्रधाराने एका दमात लिहून टाकलं, "तीन पडले होते. मी खोटं लिहिलं. तुला गमवायचं नव्हतं मला. तुझा हात माझ्यामुळे गेला. माफी मागायचंही तोंड नाही मला."

उत्तर आलं, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"तू अठरा लिहिलंस तेव्हापासून."

"आणि तरी सही केलीस?"

"फासा आहे ना अजून?"

"खणात आहे. त्यानंतर बघायची हिंमत झाली नाही."

"काढ. उजेडात धर."

सूत्रधाराने खण उघडला. फासा खिडकीशी नेला आणि चष्मा पुसून नीट पाहिलं. तीन. बोटाने फासा फिरवला. तीन. पुन्हा फिरवला. मग तो एकेक बाजू मोजत गेला. विसाव्या बाजूवरही कारागिराने, उजव्या हाताने, तीनच कोरला होता.