सातवा नमुना

"हा बघ! याला म्हणतात आलेख!" इनासचे मार्गदर्शक डॉ. वगदींनी पडद्यावर बोट टेकवलं. "आधी उंचवटा, मग खड्डा, मधे कुठं थरथर नाही. सहा वर्षांत इतका स्वच्छ काढला नव्हतास तू. कुठला नमुना?"

"चहा," इनास म्हणाली.

"काय?"

"चहा आहे तो, डॉक्टर. मलाककाकांचा. सोन्याच्या कणांची कुपी बाजूला ठेवली आणि लेझरपुढं चहाची लावली."

दाराशी उभ्या म्हाताऱ्या मलाककाकांनी हातातला ट्रे पोटाशी धरला. तीस वर्षं ते इथली यंत्रं पुसत होते आणि सगळ्यांना पुदिना घालून चहा पाजत होते. "मला मधे घेऊ नका हां," ते म्हणाले. "पोरीनं मागितला, मी दिला. प्यायलाच मागितला असं वाटलं मला."

पाऊण तासानं वरच्या सभागृहात इनासची पीएच.डी.ची जाहीर परीक्षा होती. जिन्यात तिची आई आणि दोन मावश्या बसबूसाचे, रव्याच्या पाकातल्या वड्यांचे, ट्रे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एकशे चाळीस पानांचा प्रबंध, आणि त्याचा सगळा जीव सातव्या नमुन्यात. पाण्यात सोडलेले, डोळ्याला न दिसणारे सोन्याचे कण. लेझरचा झोत जोरात आला की ते म्हणे प्रकाशाची वाट वाकवतात. पाण्यात ते लालसर दिसतात. चहासारखेच.

वगदींनी दार लावून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. 

"कणांचा काही संबंधच नाही, डॉक्टर. आपण नुसतं पाणी तापवतोय."

"झोताची एक पल्स केवढी?" वर्गात विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"शंभर फेम्टोसेकंद."

"एवढ्याशा वेळात पाणी तापतं?"

"एका पल्सनं नाही तापत. पण सेकंदाला आठ कोटी सोडतो आपण. पहिलीची ऊब जायच्या आत दुसरी येऊन बसते. आज मी मधल्या अडवल्या, थोड्याच जाऊ दिल्या. सातव्या नमुन्याचा आलेख आडवा पडला. सपाट. काही नाही त्यात."

वगदी खुर्चीत बसले. येताना जिन्यात आईनं त्यांच्या हातावर बसबूसा ठेवला होता. त्याचा पाक बोटांना लागला होता. एकेक बोट तोंडात घालून ते चोखत बोलू लागले.

"याच बाकावर अकरा जण डॉक्टर झाले. तिघं विभागप्रमुख आहेत. वर जे बाहेरचे परीक्षक बसलेत ना, सबाहीसाहेब, त्यांचेही दोन विद्यार्थी याच यंत्रावर झाले. त्या शोधनिबंधांवर साहेबांचं नाव आहे. काय सांगू सगळ्यांना? चहा होता?"

"हो."

"वा गं वा! आणि रविवारी तुझी पदवी मिळवायची मुदत संपतेय, ते? पदवी नाही तर शिकवायला वर्ग नाही. प्रवेशाच्या खिडकीत शिक्के मारत बसशील, आणि तुझेच विद्यार्थी रांगेतून हसतील तुला." त्यांनी शेवटचं बोट चोखून विजारीला पुसलं आणि पुन्हा पडद्याकडं पाहिलं. "पण देखणा आहे हां. पुसू नकोस. 'चहाच्या पानांपासून हरित पद्धतीनं बनवलेले कण.' दोन महिन्यांत छापून आणतो. पहिलं नाव तुझं."

त्यांच्या ओठाच्या कोपऱ्याला रव्याचा एक कण चिकटला होता. बोलताना तो हलत होता. इनासनं लेझर बंद केला.

वगदी गेल्यावर मलाककाकांनी चहाची कुपी उचलली. "धुऊन देऊ?"

"नको. द्या इकडं."

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत आई, तिच्या मांडीवर ट्रे. इनासनं सातव्या नमुन्याचा आलेख पडद्यावर लावला, त्याच्याशेजारी सकाळचा लावला. दोन्ही एकसारखे. मग कुपी परीक्षकांच्या टेबलावर ठेवली.

"डावीकडचा आलेख माझ्या प्रबंधातला. उजवीकडचा या कुपीतल्या चहाचा. सोन्याच्या कणांनी काही केलेलं नाही. सहा वर्षं मी पाणी तापवलं, आणि माझ्याआधीच्यांनीही."

मग वगदी हसले. मोठ्यानं, मांडीवर थाप मारून. "परीक्षेलासुद्धा थट्टा! ऐकत नाही ही पोरगी!" मागच्या रांगा सुटल्यासारख्या हसल्या. धाकटी मावशी शेजारणीला सांगू लागली, "लहानपणापासून अशीच आहे हो."

सबाहीसाहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कुपीचं बूच काढलं, नाकाशी नेलं. त्यांनी दुसऱ्यांदा हुंगलं. मग वगदींकडं पाहिलं. वगदी छताकडं बघत होते.

"पुदिना आहे त्यात," इनास म्हणाली. "वास आला ना, साहेब?"

सबाहीसाहेबांनी बूच परत लावलं. दाबून लावलं. रुमाल काढून बोटं पुसली, एकेक करून.

"पुढची आकृती दाखवा, डॉक्टर," ते इनासला म्हणाले.

त्या सगळ्या बोलण्यातला 'डॉक्टर' एवढाच शब्द आईला कळला: लेक पास झाली. तिनं ट्रे बहिणीच्या मांडीवर ढकलला, ओठांवर हात आडवा धरला आणि जीभ लवलववत लग्नघरातली आनंदाची अशी लांब किलकारी ठोकली, की टेबलावरच्या कुपीत चहा थरथरला.