वामकुक्षीचा दौरा

पंखा थांबला आणि कमलाकररावांची झोप मोडली. लाईन गेली होती. जुन्या फायलींच्या खोलीत दोन बाकं जोडून ते डाव्या कुशीवर पडले होते. उशाला टॉवेलाची गुंडाळी, मोबाईल सायलेंटवर. अजून चांगली अर्धी झोप शिल्लक होती. त्यांनी मनातल्या मनात वीज मंडळाचा उद्धार केला आणि तसेच पडून राहिले.

तालुक्याच्या बांधकाम कचेरीतले हे अभियंता यवतमाळहून अप-डाउन करत. कामात चोख. ठेकेदाराचा चहासुद्धा घेत नसत. फक्त बायकोनं, कुंदाताईंनी, दिलेला डबा संपला की त्यांना पडावंच लागे, आणि त्यात त्यांना काही वावगंही वाटत नसे. बाकीचे साहेब खुर्चीत बसून घोरतात, आपण रीतसर पडतो, एवढाच काय तो फरक. मात्र ‘साहेब झोपले’ हे शब्द त्यांना सोसत नसत. शिपाई धर्मपालला त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, “झोप वेगळी, वामकुक्षी वेगळी. जेवणानंतर डाव्या कुशीवर घटकाभर पडणं, याला शास्त्र आहे. कुणी आलं तर सांगायचं, साहेब वामकुक्षीला गेलेत.” धर्मपालला तो शब्द भलताच आवडला होता. कुणीही आलं की तो छाती काढून सांगायचा.

आताही दाराबाहेर त्याचा तोच आवाज आला.

“साहेब वामकुक्षीले गेले, नाईक.”

“आजबी?” कुणीतरी म्हातारा थकलेल्या आवाजात म्हणाला.

नाईक म्हणजे बंजारा तांड्याचा प्रमुख देवीलाल, हे कमलाकररावांच्या लक्षात आलं. तांड्याजवळच्या नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा फरशीपूल, मागच्या पावसाळ्यात वाहून गेला होता. साहेबांनी जाऊन जागा पाहिल्याशिवाय, मोजमाप घेतल्याशिवाय नवीन रपट्याचं काम पुढं सरकत नव्हतं. नवरा-बायको येऊन गेले, असं धर्मपाल अधूनमधून सांगायचा. “येतील पुन्हा,” म्हणून कमलाकरराव चहा मागवायचे. तांड्याकडची एकुलती एक एसटी भर दुपारी यायची आणि लगेच परत फिरायची. ती चुकली की मुक्काम. त्यामुळे म्हातारा यायचा तेव्हा साहेब आडवे, आणि साहेब उठायचे तेव्हा म्हातारा गाडीत. एसटीच्या वेळेला आपण काय करणार, असं कमलाकररावांचं म्हणणं होतं.

“भाऊ, आमची नात, राखी, औंदा दहावीत गेली,” देवीलाल धर्मपालला सांगत होता. “मांगच्या बरसातीत नाल्याले पानी होतं, तं पोरगी घरीच बसून राह्यली. आता तिचा बाप म्हनते, औंदाबी तसंच झालं तं नाव काढतो शाळेतून आन् लगन लावून देतो. साहेब एक डाव येऊन गेले असते तं म्या त्याले थोपवलं असतं.”

आता उठायला हवं होतं. पण उठलं की आपण इथंच होतो हे दिसणार. त्यांची एसटी सुटू दे, मग उठू, असं कमलाकररावांनी ठरवलं आणि डोळे पुन्हा मिटून घेतले.

बाहेर बाईमाणसाचा आवाज आला. देवीलालची बायको, बिजलीबाई, नवऱ्याला बंजाऱ्यांच्या गोरबोलीत काहीतरी विचारत होती. त्यालाही ते ठाऊक नसावं. मग तिनं धर्मपाललाच विचारलं.

“भाऊ, हे वामकुक्षी घाटंजीकडं येते का दिग्रसकडं?”

धर्मपालला एकदम खोकला आला. तीच पुढं बोलू लागली.

“नाही, आमी जवा आलो तवा साहेब तिथंच गेलेले. आमी तांड्यात समद्यायले इचारलं. कोनालेच मालूम नाही. लय आडरानात असन गाव.”

कमलाकररावांना हसू फुटलं. त्यांनी टॉवेल तोंडात कोंबून ते दाबलं. आज कुंदाला सांगायला झकास गोष्ट मिळाली होती.

“हा म्हातारा घरी चिडून राह्यते,” बिजलीबाई बोलतच होती. “म्या म्हनलं, कायले चिडता? साहेब एवढ्या उन्हात रोज एकाच गावाले जातेत, तं तिथचे हाल आपल्याहून बेकार असतीन. तिथच्याबी पोरी शाळेत जात असतीन ना. होऊ द्या त्याईचं आंधी.”

कमलाकररावांचं हसू तिथल्या तिथं विरलं. म्हातारीनं दारात उभं राहून शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी चार नियम तिच्या तोंडावर फेकले असते. या बोलण्यापुढं त्यांच्याकडं एकही नियम नव्हता. त्यांना लाज वाटली, भयंकर लाज वाटली. ते उठले, बूट चढवले आणि दार उघडलं.

म्हातारा-म्हातारी गडबडीनं उभे राहिले. धर्मपाल भिंतीकडं बघत होता.

“धर्मपाल, मोजायची टेप काढ,” कमलाकरराव म्हणाले. “नाईक, तुमच्याच एसटीनं येतो मी. आजचा मुक्काम तांड्यावर.”

देवीलालचे हात आपोआप जोडले गेले. बिजलीबाई मात्र साहेबांच्या घामानं भिजलेल्या शर्टाकडं, लाल डोळ्यांकडं, विस्कटलेल्या केसांकडं बघत होती. तिचा जीव कळवळला.

“मांगच्या दारानं आत्ताच वामकुक्षीहून आले दिसता, साहेब,” ती म्हणाली. “लय थकले तुमी. आंधी घटकाभर लेटून घ्या. एसटी गेली तं जाऊ द्या, आमी थांबतो.”