बावीस हिवाळे बिनवायरीचे

नेस्टरने आणखी एक फावडं बर्फ ट्रकच्या बॉनेटवर टाकला आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं. आता ठीक दिसत होतं. रात्रभर इंजिनाचा हीटर चालू राहिल्यामुळे तिथला बर्फ वितळून गेला होता. उणे अडतीसच्या थंडीत असं उघडंबोडकं बॉनेट म्हणजे मुद्देमालासकट पकडलं जाणं.

वोल्या क्रीकमधले बाकी सगळे लोक ट्रकच्या नाकातून लोंबणारी वायर भिंतीवरच्या सॉकेटला लावूनच झोपत. जुनं डिझेल इंजिन रात्रभर शेकल्याशिवाय सकाळी हलत नाही. यात कुणाला कमीपणा वाटत नसे. नेस्टर ह्रिंचुकला वाटे. बावीस वर्षांपूर्वी कॉफीच्या टेबलावर तो बोलून गेला होता, "आमच्या ट्रकला नाही लागत बुवा ही दुधाची बाटली." तेव्हापासून तो गावात सगळ्यांच्या नंतर झोपत होता आणि सगळ्यांच्या आधी उठत होता. अंधारात वायर लावायची, पहाटे काढायची, तिचं टोक ट्रकच्या तोंडावरच्या जाळीमागे खुपसायचं. सात वाजता शेजारचा आल्विन फ्रीझन दारात आला की ऐटीत चावी फिरवायची. गावात मान मोठा होता. डोळ्यांखालची वर्तुळंही तेवढीच मोठी होती.

पण उद्या, शुक्रवारी, एल्सीचं विमान होतं. तिच्या गुडघ्यांनी या थंडीपुढे हात टेकले होते. मुलगी समुद्रकाठी राहत होती, तिथे बर्फ पडत नव्हता. नेस्टर म्हणाला होता, ट्रक असा बेवारशी टाकून मी येणार नाही.

"मग विक," एल्सी म्हणाली होती. "शुक्रवारपर्यंत गेला तर दोघं जाऊ, नाहीतर मी एकटी जाते. बेचाळीस वर्षं तुझ्यापायी गारठले. आता पुरे."

आज येणारं गिऱ्हाईक पहिलं होतं आणि शेवटचंही. गिऱ्हाईक जाळीमागे बोटं घालून बघतं, हे नेस्टरला ठाऊक होतं. म्हणून त्याने सकाळीच पक्कड घेऊन वायर मुळापासून कापली आणि चुलीत घातली. घरभर वास सुटला.

"काय जाळतोयस?" एल्सीने नाक दाबून विचारलं.

"कचरा."

साडेनऊला जोलीन नावाची बाई आली. गावाबाहेर तिच्या साठ गाई होत्या. नेस्टरने आल्विनला साक्षीला उभं केलं होतं. आल्विन शपथ घेत नसे, त्याच्या पंथात चालत नाही. पण तो खोटं बोलत नाही, हे आसपासच्या चार गावांना माहीत होतं.

नेस्टरने चावी फिरवली. अर्ध्या चावीतच ट्रक धूर सोडत गुरगुरायला लागला.

"बावीस हिवाळे," तो खाली उतरून म्हणाला. "एकदाही वायर लावलेली नाही. विचारा याला."

"एकदाही नाही," आल्विन म्हणाला. "रोज सातला बघतो मी, बाई."

जोलीनचा चेहरा पडला. "म्हणजे हीटर गेलेला आहे."

"अहो, लागतोय कुणाला?"

"या आठवड्यात चार ट्रक बघितले. चारही मालक हेच म्हणाले, आणि चारही हीटर जळालेले निघाले. मला रोज गाईंसाठी पाणी वाहून न्यायचंय, दादा. तुमच्या दारात उठणारा आणि माझ्या दारात झोपणारा ट्रक घेऊन मी काय करू? नवा हीटर बसवायचा तर शहरात दोन दिवस जातात. तोवर गाई काय माझं तोंड बघतील?" तिने हातमोजे चढवले. "हीटर चालू असता तर आत्ता नेला असता."

नेस्टरने खिडकीकडे बघितलं. आत एल्सी उभी होती. मग त्याने आल्विनकडे बघितलं. ट्रक विकायचा तर याच्यासमोर आपल्याच हाताने आपलं नाक कापायला हवं होतं.

"चालू आहे," तो म्हणाला. "हीटर उत्तम चालतो. मी रोज रात्री वायर लावतो. बावीस वर्षं झाली."

बोलून टाकल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की आपण हे आधीच का बोललो नाही, असं झालं.

आल्विन लालबुंद झाला. "नेस्टर, लाज वाटू दे जरा. बाई, याचं ऐकू नका. बायको निघाली म्हणून घायकुतीला आलाय, विकण्यासाठी आता काहीही बोलेल. या ट्रकला वायर लावलेली मी जन्मात बघितली नाही."

"तू झोपल्यावर लावतो रे मी."

"रोज?" जोलीनने विचारलं.

"रोज."

"आणि पहाटे उठून काढता? कशासाठी?"

बावीस वर्षांत नेस्टरला हे कुणी विचारलंच नव्हतं.

"बरं, वायर दाखवा," ती म्हणाली.

त्याचा हात सवयीने जाळीमागे गेला आणि तिथेच राहिला.

"दहा मिनिटांपूर्वी एक सांगत होतात, आता दुसरंच," जोलीन म्हणाली. ती गाडीत बसली आणि निघून गेली. आत एल्सीने पडदा ओढून घेतला.

आल्विनचा राग मात्र फार टिकत नसे. त्याने नेस्टरच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ दे. माणूस आहे, घसरतो. आज तू काय बोललास ते मी कुणाला सांगणार नाही. उद्या सातला एल्सीला निरोप द्यायला आम्ही सगळे येतोय. उणे चव्वेचाळीस होणार म्हणतायत. आमचे ट्रक चालू होतील न होतील, पण काळजी नाही, तिला विमानतळावर सोडायला तुझा आहेच."