उभ्याची गाडी

साधनाबाईनं टाकीचं टोपण काढलं, गाडी आडवी केली आणि होतं नव्हतं तेवढं पेट्रोल बाटलीत ओतून घेतलं. बाटली कडब्यामागं सरकवली. आपल्याच घरात चोरी केल्यासारखं वाटत होतं. बावन्नाव्या वर्षी बाईनं असली नाटकं करायची म्हणजे कमालच झाली, पण आता ती करून बसली होती.

गाडी म्हणजे काय, तर एक फळी, तिला दोन टीचभर चाकं, पुढं दांडा आणि मागं फवारणीच्या पंपासारखं इंजिन. दोरी ओढायची, फळीवर उभं राहायचं आणि सुटायचं. बसायला जागाच नाही, म्हणून अख्खं पिंपरी पेंढार तिला उभ्याची गाडी म्हणायचं. पुण्यात नोकरीला असलेल्या लेकीनं, श्रेयानं, चार महिन्यांपूर्वी ती कुणाकडून तरी जुनी घेऊन पाठवली. डेअरीची वाट उसातली, उसात बिबट्या, आणि बाप गेल्यापासून आई एकटी. पोरीच्या जिवाला घोर लागणारच. साधनाबाई दोनदा बांधावर आपटली, गुडघे फोडून घेतले, पण शिकली. दुधाची किटली दांड्याला अडकवायची की पाच मिनिटांत डेअरी.

घोटाळा तिथंच झाला. वस्तीवरच्या बायका पहाटे अंधारात घोळक्यानं दूध घालायला जात. एकेकीच्या दारात थांबायचं, हाक मारायची, ती बाहेर आली की तिला घेऊन पुढं निघायचं. बिबट्याच्या भीतीनं पडलेली रीत ही. साधनाबाईचं घर शेवटचं, त्यापुढं ऊस. तिच्याकडं गाडी आली आणि तिच्या दारातली हाक थांबली. भांडण नाही, रुसवा नाही. गाडीवालीसाठी कशाला खोळंबायचं, एवढंच. वाटेत गाठ पडली तरी इंजिनाच्या फटफटीत शब्द कळायचा नाही. त्या बाजूला व्हायच्या, ही निघून जायची. मग दिवसभर बोलायला कोण, तर म्हैस. श्रेयाचा फोन यायचा, तोही जेवलीस का, गोळी घेतलीस का, एवढ्यापुरता.

म्हणून आज साधनाबाई किटली घेऊन दारात उभी होती. बायका आल्या. सगळ्यांत पुढं साळुबाई, हातात बॅटरी आणि काठी. तिनं उजेड सरळ साधनाबाईच्या तोंडावर मारला आणि गाडी कुठं गेली म्हणून विचारलं.

"बंद पडलीय, आत्या."

"मग उभी काय ऱ्हायलीस? चल की."

बायकांनी तिला मधे घेतली. प्रतिभा बिबट्याला ऐकू जावं म्हणून ताटली वाजवत होती आणि वाजवता वाजवता डेअरीच्या चेअरमनची नक्कल करत होती. साधनाबाई इतकी हसली की किटलीतलं दूध हिंदकळून पायावर सांडलं. वैजयंतीच्या सुनेचं डोहाळजेवण होऊन पंधरा दिवस झाले होते, अन् हिला पत्ताच नाही. तू भेटतीस कुठं, असं वैजयंती म्हणाली. सहज म्हणाली, पण लागायचं ते लागलं. तरीही हा ऊस संपूच नये असं साधनाबाईला वाटत होतं. बिबट्या असला तर असू दे.

डेअरीत दूध मापायला पप्पू होता. गावातली निम्मी बंद यंत्रं तोच चालू करून द्यायचा. साधनीची गाडी बिघडलीय, तेवढी बघ बाबा, असं साळुबाईनंच त्याला सांगितलं. साधनाबाई राहू दे म्हणाली, उद्या बघ म्हणाली, परवा बघ म्हणाली. कोण ऐकतंय! बायका परत निघाल्या तसा पप्पू माप आटोपून मोटरसायकलवर त्यांच्या पुढं गेला. त्या दारात पोचल्या तेव्हा त्यानं आपल्या गाडीतलं पेट्रोल काढून, त्यात ऑइल मिसळून टाकी भरलीसुद्धा होती.

"काय झालं न्हाई, काकू. टाकी पार कोरडी व्हती."

बायका खो खो हसल्या. गाडीला चारा घालावा लागतो हे माहीत नाही व्हय, असं कुणीतरी म्हणालं. साधनाबाईही हसली. पप्पूनं दोरी ओढली आणि एक चक्कर मारून बघा म्हणाला. सगळ्यांच्या देखत नाही कसं म्हणायचं? ती फळीवर चढली.

उसाच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि वळून आली. दोन मिनिटं, फार तर तीन. दारात कुणी नव्हतं. पप्पू वस्तीकडं निघून गेला होता. प्रत्येकीच्या घरी गोठा होता, चूल होती, त्यांचं तरी काय चुकलं?

तिनं इंजिन बंद केलं. लांब बाभळीपाशी बायका चालल्या होत्या आणि प्रतिभा हातवारे करून काहीतरी सांगत होती. आता सांगून टाकायचं, असं साधनाबाईनं ठरवलं. गाडी असली तरी मला हाक मारत जा. एवढंच तर सांगायचं होतं. ती बांधावर चढली आणि जीव खाऊन ओरडली.

"साळुआत्या!"

सगळ्या थांबल्या, वळल्या.

"काय गं? परत बंद पडली का?"

एवढ्या रानात, एवढ्या लांबून, असलं बोलणं ओरडून कसं सांगायचं? सगळ्या तिच्याकडं बघत उभ्या होत्या.

"न्हाई," ती ओरडली. "चालतीय. लई झ्याक चालतीय."