लखनचं जावळ

फोन वाजला आणि अभिमन्यूनं हातातला घास ताटात ठेवला.

"घ्या की इथंच," योगिता म्हणाली.

"इथं रेंज न्हाई," म्हणत तो गोठ्यामागं निघून गेला.

रेंज होती. योगिताच्या फोनवर सगळ्या दांड्या दिसत होत्या.

"असू दे गं, सरकारी कामं असत्यात त्याची," सासूबाई म्हणाल्या. साखराबाईंना लेकाचं लई कौतुक. अभिमन्यू हवाई दलात तंत्रज्ञ. परदेशातून येणाऱ्या नव्या लढाऊ विमानांच्या तुकडीत त्याची निवड झाली, तेव्हा सासऱ्यांनी, आप्पारावांनी, पाटोद्याच्या चौकात मोठा बॅनर लावला. बनवणाऱ्यानं मागं प्रवाशांचं विमान टाकलं, खिडक्यांसकट. योगितानं चूक दाखवली तर साखराबाई म्हणाल्या होत्या, "असू दे खिडक्या. वारं लागंल पोराला."

आता तोच पोरगा न कळवता रजेवर आला होता. हसत नव्हता. तान्ह्या लेकाला, लखनला, कडेवर घ्यायचा आणि भिंतीकडं बघत बसायचा.

हात धुवून तो परत आला. "योगिता, माझ्या तिकडच्या कामाचं कुणाशी बोलतेस का तू?"

"कुणाशी बोलणार? विमानाला खिडक्या नसतात एवढं आईंना सांगतानाच जीव जातो माझा."

तो हसला नाही.

"अन् जावळाचं काय ठरलं?" साखराबाईंनी मध्येच विचारलं. "पोराच्या डोळ्यात केस चाललेत. मामा तिकडं मांडी घालून बसलाय. मुहूर्त कवा निघायचा?"

मुहूर्त निघत होता आणि मोडत होता. फोनवर लेकुरवाळ्या बायांचा ग्रुप होता, त्यात तलवाड्याच्या अंजूशी योगिताची मैत्री जमली होती. अंजूचे सासरे पंचांग बघायचे. बाप ज्या गावी असतो तिथला सूर्योदय धरावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. कधी परदेशी पाहुणे येणार म्हणून अभिमन्यूला रजा मिळायची नाही, कधी विमानं उतरणार म्हणून. योगिता तसं कळवायची आणि बिचारे सासरे पुन्हा पंचांग उघडायचे. पाच पैसे घेत नव्हते.

लखनचा फोटो मात्र तिनं अंजूलाही पाठवला नव्हता. जावळ होईपर्यंत पोराचा फोटो बाहेर जाऊ द्यायचा नाही, ही साखराबाईंची ताकीद. योगिता बी.एस्सी. झालेली, तरी हे तिनं काटेकोर पाळलं. जग वाईट आहे. कोण कुठून बघत असेल, सांगता येत नाही.

दुपारी पुन्हा फोन आला. या वेळी ती लखनला खांद्यावर टाकून कडब्याच्या गंजीआड उभी राहिली.

"न्हाई," अभिमन्यू हळू आवाजात सांगत होता, "तिला अजून काहीच कळलेलं न्हाई. संशय पण न्हाई तिला."

योगितानं लखनला छातीशी घट्ट धरलं आणि ती मागच्या मागं घरात आली.

मागच्याच महिन्यात तिनं बातमी वाचली होती. कुठल्याशा तळावरचा एक जवान. फोनवर ओळख झालेल्या बाईच्या नादानं सगळं सांगून बसला. जवान तुरुंगात, बायको माहेरी, पोरांना शाळेत चिडवतात. ती बातमी वाचताना तिनं त्या बायकोला मनातल्या मनात वेड्यात काढलं होतं. हिच्या डोळ्यासमोर चाललं होतं, आणि हिला दिसलं कसं नाही?

तिनं अंजूला सगळं लिहिलं.

अंजूचं उत्तर लगेच आलं. "रडू नको माय. पुरुषाचं असंच असतंय. पण कुणाला सांगू नको. वर कळलं तर नोकरी जाईल, लेकराचं काय? आधी त्याच्या तोंडून काढून घे. काय म्हणतो ते मला सांग, आपण बघू."

योगितानं लखनकडं बघितलं. तो तिच्या मंगळसूत्राचा मणी तोंडात घालत होता. उद्या याला कुणी विचारलं, तुझा बाप कोण रे, तर यानं काय सांगायचं? आज थांबवलं तर अभिमन्यू निदान थोडक्यात सुटेल.

पहिल्यांदाच तिनं अंजूचं ऐकलं नाही. जवानांच्या घरच्यांसाठी दिलेल्या नंबरवर तिनं फोन लावला. स्वतःचं नाव तिला दोनदा सांगावं लागलं, पण नवऱ्याचं नाव तिनं नीट सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साधी पांढरी गाडी दारात थांबली. दोन साहेब उतरले, मागून साडीतली एक बाई.

"वाटंत मांजरसुंब्याला च्या घेतला का न्हाई? आत या, आत या," साखराबाई हरखल्या. त्यांना वाटलं, सत्काराला आलेत.

अभिमन्यू ओसरीवर उभा होता. पळाला नाही, काही विचारलंही नाही. खाली मान घालून राहिला.

योगितानं खुंटीवरच्या शर्टातून त्याचा फोन काढला आणि थोरल्या साहेबांपुढं धरला. "साहेब, यात सापडेल सगळं. एवढंच मागते, ते लेकुरवाळे आहेत. फसवलंय त्यांना कुणीतरी."

साहेबांनी फोन घेतला, बघितलाही नाही, आणि अभिमन्यूच्या हातात दिला.

"ताई, तुम्ही काल फोन केलात, पण आम्ही त्यासाठी आलेलो नाही. आज आम्ही येणारच होतो. यांना ठाऊक होतं. त्यासाठीच तर यांना आधी घरी पाठवलं."

अभिमन्यूनं तोंड फिरवलं.

साडीतली बाई पुढं आली. तिनं योगिताच्या कडेवरून लखनला अलगद काढून साखराबाईंकडं दिलं, आणि रिकामा हात पुढं केला.

"तुमचा फोन द्या, ताई. आणि एक सांगा. ही जी तलवाड्याची अंजू तुम्हाला जावळाचे मुहूर्त काढून देते, तिला तुम्ही कधी डोळ्यांनी बघितलंय?"